ताईंच्या वतीने

मतदारसंघात मला नाव नाही. मी दाजी आहे. बायकोचं माहेर मांजरीच्या पुढच्या एका गावातलं. तिथले सगळे तिला ताई म्हणतात, तेव्हा मी आपोआप बहिणीचा नवरा. माझ्याहून कितीतरी मोठे गृहस्थ उठून उभे राहतात आणि म्हणतात, "बसा दाजी." कोथरूडला, आमच्या सोसायटीत, मी 'ताईंचे मिस्टर' असतो, तेही पाण्याचा टँकर उशिरा आला तरच. एरवी कोथरूडला कोणी कोणाचं काही नसतं, आणि मला ते फार आवडायचं.

ही राजकारणात आली ती अर्थशास्त्र शिकवता शिकवता. आपला शेतमाल परदेशी बंदरांवरून परत का येतो, यावर ती वर्तमानपत्रात लिहायची. लेख लोक वाचत होते असा माझा आरोप नाही, पण पक्षातल्या कोणीतरी वाचले. पक्षाला शिकलेली बाई हवी होती आणि त्या बाजूच्या गावांना घरची लेक. एका तिकिटात दोन्ही गरजा भागल्या. ती निवडून आली, पुढे राज्यमंत्री झाली, आणि उद्योग खात्यातलं जे काम कोणालाच नको होतं ते तिच्याकडे आलं: परदेशी पाहुणे, व्यापारी शिष्टमंडळं, करारांच्या वाटाघाटी. बाकीच्यांना त्यात मतं दिसत नव्हती. तिला मात्र आपण आजवर जे शिकवलं ते करून दाखवायची संधी दिसली.

ती त्या कामात किती चांगली होती हे मी एकदाच डोळ्यांनी पाहिलं. नेदरलँड्सच्या एका कंपनीच्या लोकांबरोबर हॉटेलात जेवण होतं आणि मंत्रिणबाईंचे यजमान म्हणून मला नेलं होतं. पाहुणे फार गोड बोलत होते, म्हणजे काहीच बोलत नव्हते. हिने पर्समधून रुमालात गुंडाळलेल्या भेंड्या काढल्या आणि ताटाशेजारी ठेवल्या. एकीचं टोक मोडलं, कट्‌कन आवाज आला. "ही आज सकाळी तोडलीय," ती त्यांना म्हणाली. दुसरीचं टोक नुसतंच वाकलं. "ही गेल्या आठवड्यातली. तुमच्याकडे पोचते ती ही. आमच्या शेतकऱ्याची भेंडी वाईट नाही. वाटेत तिला गारवा मिळत नाही, एवढंच आहे." मंडईत कोणतीही बाई जे करते तेच तिने केलं होतं, पण त्या टेबलावर ते आजवर कोणी केलं नसावं. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने एक भेंडी उचलली आणि स्वतः मोडून पाहिली. त्यानंतरचं बोलणं खरं झालं. मी सुपाकडे बघत बसलो होतो, पण मला फार अभिमान वाटत होता.

त्या जेवणातून तिचं मोठं काम निघालं. तिच्याच मतदारसंघात, त्या कंपनीच्या भांडवलावर, भाजीपाला निवडून, धुऊन, गार करून थेट परदेशी पाठवणारं केंद्र. तोडल्या दिवशीच माल थंड गाडीत चढणार. चहा पिताना, केस विंचरताना, माझं ब्लडप्रेशर मोजताना ती त्याबद्दलच बोलायची. गावोगावच्या सभांत लोकांना समजावून सांगायची. लोक शांतपणे ऐकायचे. मग शेवटी कोणीतरी उठायचं आणि म्हणायचं, "ताई, त्ये हॉलंडचं हुईल तवा हुईल. शुक्रवारी पोरीचं लगीन हाय, येताय न्हवं?"

त्या बाजूचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही, पण त्याला अपील नाही. रस्ता झाला नाही तरी चालतं. पाणी आलं नाही तरी, शिव्या देऊन का होईना, चालतं. पण आमदार लग्नात अक्षता टाकायला आला नाही, किंवा घरातलं माणूस गेल्यावर दहाव्याला नदीवर येऊन माईकवरून श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलला नाही, तर ते नातवंडांपर्यंत लक्षात राहतं. आता लग्नसराईतच परदेशी शिष्टमंडळं येतात, आणि माणसं काही अधिवेशन बघून मरत नाहीत. ही मुंबईत, दिल्लीत, नाहीतर विमानात. मग कोण जाणार? जावई जाणार.

मी एका कारखान्यात क्वालिटीला होतो. आयुष्यभर माल नापास करायचा पगार घेतला. हिच्या आग्रहाखातर मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ज्या माणसाने कधी कोणाला बरं म्हटलं नाही तो रोज चार मांडवांत 'नांदा सौख्यभरे' म्हणू लागला. काम सोपं आहे असं मला सांगण्यात आलं होतं. "तू फक्त बसायचंस. बोलायची वेळ आली तर 'ताईंच्या वतीने शुभेच्छा', नाहीतर 'ताईंच्या वतीने श्रद्धांजली'. बाकी काही नाही."

बसणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बसून दाखवावं. सकाळी कोथरूडहून निघायचं, अख्खं शहर ओलांडायचं, त्यात दोन तास जीप एकाच बसच्या मागे. पोचल्यावर डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि बसायला मखमली सोफा, ज्यात एकदा बसलं की दुसऱ्याने ओढून काढल्याशिवाय उठता येत नाही. समोर हजार माणसं. नाक खाजवायचं नाही, जांभई द्यायची नाही, मोबाइल बघायचा नाही, कोणाशी जास्त बोलायचं नाही कारण त्याचा चुलतभाऊ रागावतो. शाली इतक्या साठल्या की त्या घेऊन घेऊन बिबवेवाडीच्या माझ्या बहिणीने शेवटी हात जोडले. नारळाची चटणी खाऊन खाऊन मला इडलीचा तिटकारा आला. मी चिडायचो, भांडायचो. "मी तुझा नवरा आहे की पुठ्ठ्याचा पुतळा?" हिचं उत्तर ठरलेलं असायचं. "एवढा करार होऊ दे. मग तू मोकळा." घरात आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो, कॉलेजपासूनची ओळख आहे. चारचौघांत ती अहो म्हणते. आणि फार राग आला की घरातही अहो म्हणते, ते सगळ्यात वाईट.

त्या सगळ्या गर्दीत मला ओळखणारा एकच माणूस होता. उसाचं चांगलं शेत असलेला, खाऊन-पिऊन सुखी म्हातारा, हिच्या वडिलांचा मित्र. ही त्यांना काका म्हणायची. एका लग्नात ते मांडवात आले, सोफ्यावरून मला हाताला धरून उठवलं, "दाजींना जरा पानी दावतो," असं मोठ्याने सांगितलं आणि मागच्या वाटेने शेतात घेऊन गेले. तिथे त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर होती. कठड्यावर बसवून म्हणाले, "काढा त्यो फेटा. लई उकडतंय न्हवं? बसा गप." आणि खरंच गप्प बसले. नंतर ती रीतच पडली. त्या गावात कुठलंही कार्य असलं की अर्धा तास माझा. ते विहिरीचं पाणी द्यायचे, तंबाखू मळायचे, काही मागायचे नाहीत. इतक्या वर्षांत त्या मतदारसंघात ज्याने माझ्याकडे काहीही मागितलं नाही असा तो एकटा.

आणि हिचा रस्ता नेमका त्या विहिरीवरून जात होता.

केंद्रापासून हायवेपर्यंत मोठ्या कंटेनरसाठी रुंद, सरळ रस्ता हवा, ही कंपनीची अटच होती. इतरांनी जमिनी दिल्या. काका म्हणायचे, "जमीन घ्या की. माझी आडकाठी न्हाई. हिरीला हात लावू नगा." हिने त्यांना समजावलं, दुप्पट मोबदला सांगितला, दुसरी विहीर खणून देते म्हणाली. ते ऐकून घ्यायचे आणि चहा मागवायचे. हिला त्यांचा राग नव्हता, लहानपणी ती तिथेच पोहायला शिकली होती. पण रस्ता वळवला की वळण गाड्यांना बसत नव्हतं, नव्याने मोजणी, नव्याने भूसंपादन, आणि तोवर शेजारच्या राज्याने कंपनीपुढे तयार ताट वाढून ठेवलं होतं. तिकडचे अधिकारी दर महिन्याला कंपनीला फोन करत होते. ही ते जाणून होती.

काका अचानक गेले. सही न करता. ही तेव्हा अंतिम करारासाठी नेदरलँड्सला होती. तिचा फोन आला, आवाज बसलेला होता. रडली असावी. म्हणाली, "काकांच्या दहाव्याला तू जाच. आणि ऐक. रस्त्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. वर्षश्राद्धापर्यंत मी काहीतरी मार्ग काढीन. फक्त श्रद्धांजली म्हण आणि बस."

मी तसंच ठरवून गेलो होतो.

नदीवरचा घाट भरला होता. प्रवचन झालं. मग भाषणं झाली, सरपंच, साखर कारखान्याचे संचालक, दुसऱ्या पक्षाचे एक माजी. माझी पाळी शेवटची. 'ताईंच्या वतीने श्रद्धांजली' म्हणून झालं आणि माईक परत घ्यायला कोणी आलं नाही, कारण तोवर सगळे पिंडाकडे वळले होते. कावळा शिवत नव्हता.

कडुनिंबावर पाचपन्नास कावळे बसलेले. खाली पिंड. एकही उतरेना. मुलगा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "आईला काय कमी पडू देनार न्हाई, दादा." काही नाही. मुलगी म्हणाली, "मी माहेर तोडनार न्हाई." काही नाही. पुतण्या, भाऊ, एक शेजारी, ज्याचं काकांशी बांधावरून भांडण होतं तोसुद्धा बोलून गेला. ऊन चढायला लागलं. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ, शास्त्राला मान्य आहे." तेव्हा बायकांमध्ये बसलेल्या काकूंनी मान वर केली आणि इतकंच म्हणाल्या, "न्हाई. थांबा."

मागून कोणीतरी बोललं, "हिरीचं बोला की कुनीतरी."

सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. माईक माझ्याच हातात होता. मला हे सांगितलं पाहिजे की माझा यातल्या कशावरही विश्वास नाही. कावळ्याला भूक लागली की तो खातो आणि समोर पाचशे माणसं असली की तो खाली येत नाही, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण काकू बघत होत्या. आणि मला राग आला. कोणाचा ते नीट सांगता येत नाही. हिचा, त्या रस्त्याचा, इतकी वर्षं सोफ्यावर बसून गिळलेल्या सगळ्या वाक्यांचा. ज्या एका माणसाने मला माणसासारखं वागवलं त्याच्यासमोर मी पुठ्ठ्याचा पुतळा होऊन उभा होतो. मी म्हणालो, "काका, ताईंच्या वतीने शब्द देतो. रस्ता विहिरीवरून जाणार नाही."

एक कावळा उतरला. पिंडाला चोच मारली, दुसरी मारली, भाताची शितं घेऊन नदीवरून पलीकडे गेला. घाटावर एकदम श्वास सुटला. काकूंनी जमिनीवर डोकं टेकलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

आम्ही जीपपर्यंत पोचायच्या आत त्याचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरत होता. हिचे स्वीय सहाय्यक माझ्या शेजारी बसले होते. त्याच बाजूचा माणूस, हिच्या पहिल्या निवडणुकीपासून बरोबर असलेला. मोबाइलवर बघत ते म्हणाले, "दाजी, काय केलंत हो हे." हिचा फोन आला. करारावर सह्या होऊन ती नुकतीच बाहेर आली होती. एवढंच म्हणाली, "अहो." आणि फोन ठेवला.

ती परत आली त्या सकाळी आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. ही, मी आणि सहाय्यक. त्यांनी तोडगा आणला होता. "ताई, दाजी म्हणजे काही सरकार नाही. निवेदन काढू. 'राज्यमंत्र्यांचे यजमान भावनेच्या भरात बोलले, ती त्यांची वैयक्तिक भावना आहे.' दोन दिवस बोंब होईल. काकांचा मुलगा सही करायला तयारच आहे. त्याला मोबदला हवाय."

मी म्हणालो, "काढा निवेदन." रागाने म्हणालो, पण मनापासून म्हणालो. मला खोटं पडायला हरकत नव्हती. एकदा खोटा पडलो असतो तर निदान परत कोणी बोलावलं नसतं.

ही माझ्याकडे बघत होती. "तुम्हाला मी काय सांगितलं होतं?"

"अवाक्षर काढू नकोस."

"मग?"

"तू तिथे असतीस तर तू काय केलं असतंस?"

"मी तिथे असते तर दर्भाचा कावळा केला असता," ती म्हणाली. चहा तसाच टाकून उठली. "आधी काकूंना भेटते. मग निवेदनाचं बघू."

मीही गेलो. काकू ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. हिने त्यांचे पाय धरले, शेजारी बसली, चार पाकळ्या स्वतः सोलल्या. मग सगळं सरळ सांगितलं, ती नेहमी सांगते तसं. रस्ता कशासाठी आहे, कोणाकोणाचं भलं आहे, सह्या झालेला करार रस्त्याच्या अटीवर कसा अडलाय, आणि दाजींनी न विचारता शब्द दिला. "काकू, तो शब्द माझा नाही. मी दिलेला नाही."

काकू म्हणाल्या, "ठावं हाय मला, बाळ. तू न्हाई बोललीस." लसणाची टरफलं पदरातून झटकली. "पन त्ये गेलं न्हवं खाऊन. आता त्येंला माघारी कसं बोलवायचं?"

हिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. परदेशी वकिलातीतल्या माणसांना तिने निरुत्तर केलेलं मी ऐकलंय. त्या ओट्यावर ती लसूण सोलत राहिली. परतीच्या वाटेवर, मगरपट्ट्याच्या पुढे गाड्या ठप्प झाल्या होत्या तिथे, सहाय्यकांना म्हणाली, "रस्ता वळवायचा प्रस्ताव तयार करा." ते म्हणाले, "ताई, कंपनी थांबणार नाही." ती म्हणाली, "मला माहीत आहे."

कंपनी सभ्य होती. तिने काही महिने वाट पाहिली, सुंदर भाषेत खेद कळवला आणि शेजारच्या राज्यात गेली. तिकडे आता ते केंद्र उभं आहे. हिने फोटो मागवून घेतले आणि एकदाच पाहिले. पुढच्या खांदेपालटात तिचं मंत्रिपद गेलं. 'स्थानिक भावनांपुढे राज्याचा विकास मागे ठेवणाऱ्या लोकप्रतिनिधी' असं कोणीतरी लिहिलं. तिच्या लेखांपेक्षा जास्त लोकांनी ते वाचलं.

मला वाटलं, आता पुढची निवडणूक हरेल आणि आम्ही दोघंही सुटू. मी तसा हिशेबही केला होता. कोकणात फिरून येऊ, हिने पुन्हा शिकवावं, मी सकाळी पेपर वाचावा. झालं उलटंच. ताई शब्द पाळते, मंत्रिपदावर पाणी सोडते पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडत नाही, ही गोष्ट गावोगाव गेली. प्रत्येक फलकावर हिचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'शब्दाची पक्की'. एवढ्या मताधिक्याने ती आधी कधीच आली नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर आकडे मांडून लोकांना पटवायचा प्रयत्न केला, तिला लोकांनी एका कावळ्यासाठी निवडून दिलं. मिरवणुकीत गुलालाने माखून ती उघड्या जीपवर उभी होती आणि मी खालून बघत होतो. ती हसत होती. त्या हसण्यात काही नव्हतं.

माझं काय झालं ते ऐका. लोक आता ताईंकडे जायच्या आधी माझ्याकडे यायला लागले. लग्नात सोफ्यावर टेकायच्या आत हातात माईक. "दाजी, तेवढं पान्याच्या टाकीचं बोला की." "दाजी, पोराच्या बदलीचं निस्तं बोला, बाकी ताई बघत्यात." एका दहाव्याला तर कावळा पिंडावर बसून पोटभर जेवून गेला होता, तरी मृताच्या मेव्हण्याने मला धरून ठेवलं, पाणंद रस्त्याचं बोलल्याशिवाय सोडेना. मी हातातला माईक जमिनीवर ठेवून चालू लागलो. त्या संध्याकाळी हिने सांगितलं, "उद्यापासून तू जायचं नाही. कुठेच." इतकी वर्षं मी जे मागत होतो ते मला मिळालं. तेव्हापासून सगळीकडे ती जाते. सकाळी घाट, दुपारी मांडव, संध्याकाळी साखरपुडा. परदेशातली पत्रं सहाय्यकच परस्पर निकालात काढतात. आणि मी घरी असतो. मित्राच्या मुलीच्या लग्नालाही मला जाता आलं नाही, कारण ते लग्न नेमकं मतदारसंघाला लागून, हडपसरला होतं.

मधल्या काळात काकांच्या मुलाने ती सगळी जमीन बिल्डरला दिली. काकूंनीही अंगठा दिला, पोरांचं पोरांनी बघावं म्हणाल्या. विहीर बुजवून तिच्यावर पार्किंग येतंय हे कळलं तेव्हा मी बंदी मोडून गेलो. मुलाने खुर्ची दिली, थम्स-अप मागवलं. मी म्हणालो, "अरे, तुझ्या वडिलांना शब्द दिला होता. माझ्या बायकोने त्यासाठी सगळं घालवलं."

तो मनापासून गोंधळला. "दाजी, रस्ता जानार न्हाई म्हनला हुता तुम्ही. रस्ता कुठं गेला? बिल्डिंग हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्यासाठी एक टू-बीएचके काढून ठिवू का?"

मी घरी येऊन हिला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. भूमिपूजन तिच्याच हस्ते होतं.

परवा, रविवारी सकाळी, दिल्लीहून फोन आला. मोठं व्यापारी शिष्टमंडळ युरोपात जातंय, शेतमालाच्या कराराची बोलणी आहेत, सगळ्या राज्यांतून माणसं घेतलीत, आणि नेतृत्व हिने करावं अशी तिकडचीच सूचना आहे. ती भेंडी मोडून दाखवणारी बाई अजून कोणाच्या तरी लक्षात होती. मी समोर बसून एका बाजूचं बोलणं ऐकत होतो. हिचा चेहरा बदलत गेला, पाठ ताठ झाली, प्रश्न विचारायला लागली, कुठला माल, कुठली बंदरं, तपासणी कोणाकडे. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी खुणेने विचारलं, कधी? तिने सांगितलं. ऐन लग्नसराई.

मग ती म्हणाली, "आभारी आहे. पण मला जमणार नाही." कारण दिलं नाही. फोन ठेवला.

मी ओरडलो. खरंच ओरडलो, शेजारच्यांनी ऐकलं असेल. "जा ना! का नाही जमणार? मी जातो लग्नांना. दहाव्यांना जातो, साखरपुड्यांना जातो, सगळे फेटे बांधून घेतो. तोंडातून शब्द काढणार नाही. तोंडाला चिकटपट्टी लावून बसतो. तू जा!"

ती आरशासमोर उभी राहून पदराला पिन लावत होती. तिला थेऊरला हळदीला जायचं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. अहो म्हणाली असती तरी चाललं असतं.

"तुला नाही रे पाठवता येत आता," ती म्हणाली. "तू काय बोलशील याची मला भीती नाही वाटत. तू बोललास की ते मी करते, हे सगळ्यांना कळलंय. मलाही कळलंय."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिने पिन नीट बसलीय का ते पाहिलं, चष्मा घेतला आणि जाताना म्हणाली, पोळ्या डब्यात आहेत, आमटी गरम करून घे.